नाकातून गाठीचं ऑपरेशन: नुसता फ्लॅप, की कमरेत नळीही?

पिट्यूटरीची (मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीची) किंवा कवटीच्या तळाची गाठ दुर्बिणीने नाकावाटे काढायची ठरली, की संमतिपत्रात एक ओळ हमखास असते: मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचा धोका. अशा गळतीतून मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होऊ शकतो. त्यामुळे गाठ काढल्यावर कवटीच्या तळाला उरलेलं भोक कसं बुजवणार, हे सर्जनना आधीच विचारून ठेवा.

सगळं अवलंबून असतं ते भोक केवढं आणि पाणी किती जोरात येतं यावर. पिट्यूटरीच्या साध्या गाठीत पाणी दिसलंच नाही किंवा नुसतं पाझरलं, तर पोटातली थोडी चरबी, कृत्रिम पडदा आणि फिब्रिन ग्लू (ऊती चिकटवणारा गोंद) एवढ्यावर बहुधा भागतं. तिथे फ्लॅपचा, म्हणजे नाकातलंच अस्तर फिरवून भोकावर बसवण्याचा, आग्रह धरू नये.

क्रेनिओफॅरिंजिओमा किंवा मेनिंजिओमा या जातीच्या गाठींचं तसं नाही. तिथे पाण्याचा कप्पाच उघडला जातो. 2006 मध्ये हदाद आणि बासागास्तेगी या डॉक्टरांनी मांडलेला फ्लॅप इथे कामाला येतो. नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर रक्तवाहिनीच्या देठाला जोडलेलंच ठेवून भोकावर फिरवून बसवायचं. रक्तपुरवठा शाबूत, म्हणून पटकन धरतं. भुर्दंड नाकाला: अस्तर गेलेल्या जागी कित्येक आठवडे खपल्या धरतात, रोज सलाइनने नाक धुवावं लागतं, वासही काही काळ मंदावतो. पूर्वी पडद्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा. अस्तर वापरण्याजोगं उरलेलं नसू शकतं.

कमरेतली नळी, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी मणक्यातून बाहेर काढणारा लंबर ड्रेन, ही फ्लॅपला पर्याय नव्हे, जोड आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या चाचणीत (2018) मोठी भोकं असलेले 170 रुग्ण होते: नळी घातलेल्यांत गळती 8.2 टक्के, न घातलेल्यांत 21.2. फरक दणदणीत आहे. पण त्यासाठी ताशी 10 मिली पाणी काढत 72 तास पडून राहायचं. डोकं ठणकतं, पाणी जास्त निघालं तर कवटीत हवा शिरते. मोठ्या भोकाला मी हे सोसायला सांगेन, लहान भोकाला नाही.

घरी आल्यावर नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, शौचाला जोर नको. खाली वाकताच एका नाकपुडीतून पाण्यासारखी पातळ, खारट धार लागली, तर सर्दी समजून बसू नका. स्वच्छ बाटलीत धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. बीटा-2 ट्रान्सफेरिन या मेंदूभोवतीच्या पाण्यातल्या प्रथिनाची तपासणी ते कसलं पाणी ते सांगते.