हॉलंडचा हिवाळा आणि ओले पाय: शू कव्हर घ्यावं की वॉटरप्रूफ मोजे?

नोकरीसाठी आइंडहोव्हन किंवा ॲमस्टलवीनला आलेला मराठी माणूस पहिल्या नोव्हेंबरात जॅकेटवर सढळ हाताने खर्च करतो. पायांत मात्र पुण्याहून आणलेले जाळीचे स्पोर्ट्स शूज तसेच राहतात. इथली थंडी आकड्यांत फार मोठी दिसत नाही: जानेवारीचं सरासरी तापमान 3 ते 4 अंश, बर्फ क्वचित. सायकल चालवताना त्रास होतो तो पावसाने. पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता ओढून नेतं, त्यामुळे शून्य अंशातली कोरडी सकाळ सोसवते, पण 4 अंशांतल्या भुरभुर पावसात बोटं बधिर होतात. वर वारा. 5 अंश तापमानात ताशी 20 किलोमीटर वेगाचा वारा अंगाला 1 अंशासारखा लागतो, आणि वारा पडलेला असला तरी सायकलवर बसलं की तेवढा वारा आपणच तयार करतो.

यावर दुकानांत मुख्यतः तीन वस्तू मिळतात: बुटांवर चढवायची शू कव्हर, वॉटरप्रूफ मोजे आणि खास हिवाळी सायकल बूट. तिन्ही कामाच्या आहेत. पण पाणी पायापर्यंत घोट्यावरून उतरतं, तळातून शिरतं, पुढच्या चाकावरून उडतं आणि घामाच्या रूपाने आतूनही येतं. प्रत्येक वस्तू यातली एखाद-दुसरी वाट बंद करते. आपल्याला कुठली वाट नडते ते न पाहता घेतलं, की महिनाभरात ती वस्तू कपाटात जाते.

शू कव्हरमध्ये पुन्हा दोन जाती. एक पातळ, पावसाळी कापडाची. दुसरी 3 ते 5 मिलिमीटर जाड निओप्रीनची. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचं रबर. त्यातून वारा अजिबात शिरत नाही आणि ऊब टिकते. खरेदी करताना ते उलटं करून शिवण पाहावी. सुई आरपार गेलेली असेल, तर प्रत्येक भोकातून पाणी झिरपणार. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. मागच्या झिपच्या आत पडदा हवा. आणि तळ बघायलाच हवा, कारण रेसिंग सायकलवाल्यांसाठीच्या कव्हरला तळात क्लीटसाठी, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तळाच्या खटकीसाठी, मोठं भोक असतं. साध्या पेडलच्या सायकलवर त्या भोकाचा उपयोग शून्य, आणि रस्त्यावरचं पाणी आत यायला तेवढी वाट मोकळी. ऑफिसला साध्या सायकलवरून जाणाऱ्यांनी पूर्ण रबरी तळाची, नडगीच्या अर्ध्यापर्यंत येणारी कव्हर घ्यावीत. एगूसारख्या डच कंपन्या नेहमीच्या बुटांवर चढणारी कव्हर विकतात. ती दिसायला गमबुटांसारखी, सौंदर्याच्या नावाने बोंब, पण ऑफिसात पोचल्यावर काढून टाकली की खालचे चामड्याचे बूट कोरडे. तळाला खाचा आहेत ना, एवढं तपासावं. गुळगुळीत रबर ओल्या पेडलवर सटकतं.

निओप्रीनच्या कव्हरबद्दल सगळ्यात जास्त तक्रार असते की घालूनही पाय गारच राहतात. बहुतेक वेळा कारण घट्टपणा. जाड मोजा, त्यावर नेहमीच्या मापाचा बूट, त्यावर ताणून बसवलेलं 5 मिलिमीटरचं कव्हर: पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि मोज्यातली हवा दाबली गेल्यामुळे तिची ऊबही जाते. बुटात बोटं वर-खाली हलवता आली पाहिजेत. माप घ्यायला जाताना हिवाळ्यात घालणार तेच बूट आणि तेच मोजे घेऊन जावं. दुसरी चूक वरच्या कडेची. पँट कव्हरच्या आत खोचली, की मांडीवरचं पाणी कापडातून ओघळत थेट बुटात उतरतं. रेनपँट नेहमी कव्हरच्या बाहेरून खाली यायला हवी. घट्ट टाइट्स असतील तर आधी कव्हर, मग त्यावर टाइट्सची कड ओढायची. कंटाळवाणं आहे, पण फरक पडतो. दीड-दोन तासांच्या मुसळधार पावसात निओप्रीनही आतून ओलं होतं. तरी आतलं पाणी अंगाच्या उबेने कोमट राहतं आणि वारा अडलेला असतो, त्यामुळे ओल्या पायांनीही निभावतं.

वॉटरप्रूफ मोज्यांचं गणित नेमकं उलटं आहे. सीलस्किन्झ या इंग्लिश कंपनीचं नाव यात सगळ्यांच्या तोंडी असतं, इतरांचेही मिळतात. रचना साधारण एकच: बाहेर नायलॉनचं विणकाम, मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा, आत बहुधा मेरिनो लोकर. साधारण 40 ते 50 युरोंत जोडी. बूट पूर्ण भिजला तरी पाय कोरडा राहतो, आणि चिखलात उतरून चालायचं असेल तर याला तोड नाही. पण कोरडं म्हणजे उबदार नव्हे. बाहेर भिजलेला बूट आहे, त्यावरून वारा वाहतोय, पाणी उडताना उष्णता नेतंय. 5 अंशांच्या खाली नुसत्या या मोज्यांवर अर्ध्या-पाऊण तासापुढे भिस्त ठेवू नये.

त्यांचा दुसरा कच्चा दुवा म्हणजे तोंड. वरून पाणी शिरलं तर बाहेर पडायला वाट नाही. मोजा पाण्याच्या पिशवीसारखा भरतो आणि आत पचपच सुरू होते. शॉर्ट्सवर हे मोजे घालून पावसात जाणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. वर रेनपँट हवीच. शिवाय ते साध्या मोज्यांपेक्षा जाड असतात, त्यामुळे अर्ध्या ते एक मापाने मोठा बूट लागतो. आणि पुष्कळ जण मोजे आणि निओप्रीन कव्हर दोन्ही एकत्र घालतात, तेही तितकंसं बरोबर नाही. मोज्याचा पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो खरा, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. वर रबर चढवलं की ती वाफ जाणार कुठे? तासाभरात पाय आतून ओले. पावसाच्या लांब राइडला कव्हरच्या खाली साधा, मध्यम जाडीचा मेरिनो मोजा पुरतो. सुती मोजा मात्र कशाखालीच नको: सूत पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही.

या मोज्यांना सांभाळावंही लागतं. पायाची नखं कापलेली हवीत, आतल्या पडद्याला सर्वाधिक भोकं नखांनीच पडतात. काढताना बोटांकडून ओढू नये, वरून गुंडाळत आणावं. 30 अंशांच्या पाण्यात धुवावं, फॅब्रिक सॉफ्टनर नको, पिळणं नको, ड्रायर नको. आधी उलटे करून आतून वाळवावेत, मग सुलटे. वाळायला अख्खी रात्र लागतेच, म्हणून रोज वापरायचे तर दोन जोड्या लागतात. हिवाळा सुरू होण्याआधी बादलीत चाचणी घ्यावी: मोज्यात हात घालायचा, बोटांवर टिश्यू पेपर गुंडाळलेला ठेवायचा, काठ वर ठेवून पाच मिनिटं पाण्यात बुडवायचा. कागद ओला झालेल्या जागेवर भोक. बाहेरून डाग दिसला नाही तरी कागद खोटं सांगत नाही.

हिवाळी सायकल बूट शिमानो आणि लेकसारख्या कंपन्या बनवतात. आत गोअर-टेक्ससारखं पाणी अडवणारं अस्तर, घोट्याभोवती उंच गळपट्टी, किंमत साधारण दीडशे ते तीनशे युरो. आठवड्यातून तीन-चार वेळा तासाभराहून जास्त, क्लीट लावून चालवणाऱ्यांनीच विचार करावा. माप एकने मोठं घ्यावं. क्लीटच्या स्क्रूंची भोकं हा इथला चोरदरवाजा: आतला सोल काढून भोकांवर कंपनीने दिलेला स्टिकर लावावा, स्क्रूला ग्रीस लावावं, आणि सोलखाली चंदेरी पापुद्र्याचा उष्णतारोधक सोल घालावा, कारण खालची क्लीट बहुधा धातूची आणि ती थंडी थेट तळपायाला देते. वरून पाणी शिरलंच तर हे बूट वाळायला दोन दिवस घेतात.

मुळात क्लीटची गरज आहे का, हेही विचारायला हवं. फिनलंडमधलं ओउलू हिवाळी सायकलिंगसाठी नावाजलेलं शहर. तिथे लोक सपाट पेडलवर नेहमीचे हिवाळी बूट घालून बर्फातून कामाला जातात.

मडगार्डबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही, कारण त्यात त्याला चार पैसेही सुटत नाहीत. पण पायावर पडणारं बरंचसं पाणी आभाळातून नव्हे, पुढच्या चाकावरून येतं. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जमिनीपासून 5-6 सेंटिमीटरवर येईल असा पडदा लावला, की बूट निम्मे कमी भिजल्यासारखे वाटतात. दुधाच्या प्लास्टिक बाटलीचा तुकडा, दोन भोकं, दोन झिप टाय. जुन्या डच ओमाफिट्सना, म्हणजे ताठ बसून चालवायच्या साध्या सायकलींना, पूर्ण मडगार्ड असतात. रेसिंग सायकलला मुळातच नसतात.

फुकटातला उपाय म्हणजे दोन मोज्यांच्या मध्ये ब्रेडची पिशवी. वारा आणि पाणी दोन्ही अडतं, घाम साचतो, बूट काढल्यावर वास येतो. अर्ध्या तासाच्या प्रवासाला चालून जातं. बोटांना चिकटवायचे वॉर्मर म्हणजे लोखंडाचा भुगा, मीठ आणि कोळसा. हवेतल्या प्राणवायूशी लोखंडाची क्रिया होऊन ते तापतात. म्हणून पाकीट घालण्याआधी 10-15 मिनिटं उघडून ठेवावं आणि हातांचे नव्हे, पायांसाठीचेच घ्यावेत. घट्ट बंद कव्हरमध्ये हवा न मिळाल्याने ते थंड पडतात, वस्तूत दोष नसतो. त्वचेला थेट लावू नयेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर वॉर्मर आणि बॅटरीचे तापणारे सोल दोन्ही टाळावेत. भाजल्याचं कळतच नाही.

पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात थंड पहाटे 8-10 अंश असतात आणि हवा कोरडी, तिथे यातलं बहुतेक काही लागत नाही. बुटाच्या जाळीवर आतून चिकटपट्टी, किंवा फक्त पुढचा अर्धा बूट झाकणारं टो कव्हर पुरतं. वॉटरप्रूफ मोजे मात्र ताम्हिणीच्या पावसाळ्यात वापरून बघण्यासारखे आहेत. तिथे थंडी नाही, त्यामुळे त्यांचा मोठा दोष आड येत नाही.

आमची निवड: रोज पाच-सात किलोमीटर ऑफिस, साधी सायकल, तर उंच रबरी तळाची कव्हर आणि लोकरी मोजे. शनिवार-रविवारच्या साठ किलोमीटरला 3 मिलिमीटर निओप्रीन, आत मेरिनो. सायकल घेऊन माळरान आणि चिखलात उतरणाऱ्यांना मोजे.

भिजलेले बूट रेडिएटरवर ठेवू नयेत, गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. सोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत. दारात येणारी चकचकीत जाहिरातपत्रकं यासाठी निरुपयोगी, ती पाणी शोषत नाहीत; साधा वर्तमानपत्री कागदच लागतो.