दुकानदाराच्या खरेदीभावाहूनही स्वस्त एसएसडी, आणि आत निघालं मेमरी कार्ड

परदेशी साइटवरून मागवलेल्या एका एक्स्टर्नल एसएसडीत (संगणकाला बाहेरून जोडून डेटा साठवायची डबी) मी पुरतं फसलो. कोणी अशीच खरेदी करायच्या बेतात असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

तीच ४ टीबीची (टेराबाइट, म्हणजे साठवणक्षमता) वस्तू मी आधी ओळखीच्या दुकानदाराकडे विचारली होती. दोन्ही भावांत एवढी तफावत, की मी त्याला सरळच कारण विचारलं. त्याने वितरकाचं बिल पुढे ठेवलं. त्याचा खरेदीचा भावसुद्धा साइटवरच्या भावापेक्षा जास्त होता! तो खोटं बोलत नव्हता. आयातदाराने भरलेलं सीमाशुल्क, गोदामभाडं, वितरकाचं कमिशन, वॉरंटीत बदलून द्यायच्या मालाची तरतूद, सगळं त्या घाऊक भावात आधीच धरलेलं असतं. शिवाय कंपन्या देशागणिक वेगळे भाव लावतात. परदेशातून थेट येणाऱ्या पाकिटाला या साखळीतला बराचसा खर्च लागतच नाही. आंतरराष्ट्रीय टपालाचे दरही वर्षानुवर्षं काही निर्यातदार देशांच्या सोयीचे होते. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हातल्या अधिवेशनात जागतिक टपाल संघाने ते बदलायचं ठरवलं.

म्हणजे परदेशी साइटवर घाऊक भावाहून स्वस्त मिळतं, हे पुष्कळदा खरंच असतं. ठग नेमके या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला बसतात. एरवी फार स्वस्त भाव दिसला की मनात पाल चुकचुकते. इथे ती चुकचुकत नाही, कारण स्वस्ताईचं उत्तर आपल्याकडे तयार असतं.

पार्सल वेळेत आलं. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, डबी हाताला जड, संगणकावर ४ टीबी जागा दिसली. फोटो भरले, उघडून पाहिले, सगळं ठीक. आणखी बराच डेटा भरल्यावर जुने फोल्डर उघडले, तर फाइलींची नावं जागच्या जागी, आकारही बरोबर, पण चित्र एकही उघडेना.

डबी उघडली. आत बोटभर पट्टीवर एक साधं मायक्रोएसडी कार्ड खोचलेलं, आणि वजन यावं म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे ते चालवणाऱ्या चिपला, खोटी क्षमता सांगायला लावलेलं असतं. खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो, आणि संगणक मात्र ‘कॉपी झाली’ म्हणत राहतो. म्हणून स्टोरेजची कुठलीही वस्तू आली की आधी ती काठोकाठ भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. या तपासणीला वेळ लागतो, पण ती झाल्याशिवाय एकही महत्त्वाची फाइल त्यात टाकू नका.

विक्रेत्याचं बोलणं अतिशय गोड. आधी म्हणाला फॉरमॅट करा, मग थोडे पैसे परत घेऊन विषय मिटवा, शेवटी माल स्वखर्चाने परत पाठवा. तो टपालखर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होता. हे सगळं साइटची तक्रारीची मुदत उलटावी म्हणून चाललेलं असतं. त्याच्याशी बोलत बसू नका, पहिल्याच दिवशी साइटवर रीतसर तक्रार टाका. पाकिटावरच्या सीमाशुल्काच्या चिठ्ठीत ‘भेटवस्तू’ लिहून नाममात्र किंमत दाखवली होती, तीही नीट पाहा. पार्सल हरवलं तर भरपाई बहुधा त्या किमतीइतकीच मिळते, आणि खोट्या घोषणेचा जाब पार्सल घेणाऱ्यालाही विचारला जाऊ शकतो.

मला पैसे मिळाले ते बँकेमार्फत, कार्डाच्या चार्जबॅकने, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मिळावेत म्हणून बँकेकडे केलेल्या दाव्याने. तिथे कारण अचूक लिहावं लागतं. ‘माल मिळाला नाही’ लिहिलं तर ट्रॅकिंगवर पोहोचल्याची नोंद असते आणि दावा तिथेच संपतो. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, क्षमता-चाचणीचा निकाल, उघडलेल्या डबीचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं सोबत जोडा. कार्ड कंपन्यांची मुदत बहुतेकदा १२० दिवसांची असते, बँकेची त्याहून कमी असू शकते.

त्या विक्रेत्याच्या पानावर पाच तारे देणारे ढीगभर अभिप्राय होते. तक्रारीसाठी स्क्रीनशॉट काढताना ते एकेक उघडून वाचले, तर त्यातले कितीतरी मोबाइलच्या कव्हराबद्दल होते. जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्याने फक्त फोटो आणि नाव बदललं होतं.