घरासाठी कॅरम बोर्ड : २९ इंची, १२ मिमी, तीन इंची फ्रेम

दुकानात कॅरम बोर्ड मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती एमएमचा दाखवू?" मग आठ, बारा, सोळा, वीस, चोवीस अशी चढती भाजणी सुरू होते आणि प्रत्येक पायरीला किंमत वाढत जाते. गिऱ्हाईक प्लायच्या जाडीवर अडकतं. फ्रेमचं लाकूड, बोर्डाचा सपाटपणा आणि डब्यातल्या सोंगट्या यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. घरी खेळ रंगणार की रोज कुरबुर होणार, ते मात्र याच तीन गोष्टींवर ठरतं.

हे परीक्षण एका विशिष्ट मापाच्या बोर्डाचं आहे : आतलं मैदान २९ इंच, प्लाय १२ मिमी, फ्रेम तीन इंच रुंद. जवळपास सगळ्या कंपन्या हे माप बनवतात. चार-पाच माणसांच्या घरात, जिथे सुट्टीत मुलं खेळतात आणि रविवारी मोठी माणसंही बसतात, तिथे हेच घ्यावं. थोडं आखूड, थोडं जाड, असं काहीही दुकानदाराने पुढे केलं तरी.

आधी मापाचं बोलू. 'फॅमिली साइज' म्हणून २६ इंची बोर्ड गळ्यात मारतात. तीनच इंचांचा फरक, असं वाटतं. पण क्षेत्रफळ जवळजवळ वीस टक्क्यांनी घटतं आणि सोंगट्या तेवढ्याच, एकोणीस. ब्रेक, म्हणजे सुरुवातीचा फटका, झाल्यावर त्या पसरायला जागाच उरत नाही, प्रत्येक सोंगटीच्या वाटेत दुसरी उभी. कट, म्हणजे सोंगटीला कडेने लागणारा फटका, मारायला कोन मिळत नाही. मुलं लहान आहेत म्हणून लहान बोर्ड घेतला, तर दोन वर्षांत तो माळ्यावर जातो. २० इंची बोर्ड हे खेळणं आहे, त्याबद्दल बोलायला नको. स्पर्धेच्या नियमाचा बोर्ड आतून साधारण ७४ सेंटीमीटर चौरस असतो; २९ इंच म्हणजे तेच.

आता प्लाय. स्पर्धेच्या नियमांत प्लाय किमान ८ मिमी हवा, एवढंच म्हटलं आहे. चार मिमीच्या बोर्डावर स्ट्रायकर जोरात गेला की ढोलकीसारखा ढब आवाज येतो आणि मधल्या सोंगट्या जागच्या जागी थरथरतात. आठला ते थांबतं. बाराला बोर्डाला दम येतो, पावसाळ्यात मधे पोट सुटायला बराच वेळ लागतो. त्याच्या वर गेलात तर प्रत्येक ४ मिमीमागे सव्वा किलोच्या आसपास वजन वाढतं. क्लबात बोर्ड कायम स्टँडवर असतो, तिथे वीस-चोवीस मिमी शोभतो. घरात तो रोज पलंगामागून काढायचा आणि परत ठेवायचा असतो. जड बोर्ड आजोबांना उचलत नाही आणि मुलांच्या हातून कोपऱ्यावर आपटतो. बोर्ड उलटा करून मागच्या पट्ट्याही बघा. आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतील आणि त्या फ्रेमला नीट जोडलेल्या असतील, तर १२ मिमी वर्षानुवर्षं सरळ राहतो. पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या असतील तर तो बोर्ड बाजूला ठेवा.

फ्रेम हा या वस्तूचा जीव. रिबाउंड देते, म्हणजे आपटलेला स्ट्रायकर परत फिरवते, ती फ्रेम, म्हणून लाकूड कडक हवं. मऊ लाकडाच्या फ्रेमला वर्षभरात समोरच्या बाजूला, बरोबर बेसलाइनच्या (स्ट्रायकर ठेवायच्या दुहेरी रेघेच्या) सरळ रेषेत बारीक खळगे पडतात. मग सरळ मारलेला स्ट्रायकर तिरका परत येतो आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला. परीक्षा सोपी आहे. फ्रेमच्या आतल्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा. व्रण उमटला की समजून जा. रंग आणि पॉलिश गडद असलं म्हणून शिसव होत नाही.

रुंदी नियमांत अडीच ते तीन इंच आहे. चार इंची फ्रेमचे भारदस्त बोर्डही मिळतात आणि दिसतात छान. पण हिशेब करा : बेसलाइन फ्रेमपासून १०.१५ सेंटीमीटर आत असते. तीन इंची फ्रेमला बाहेरच्या कडेपासून तिथवर पावणेअठरा सेंटीमीटर होतात, चार इंचीला वीसच्या वर. दहा वर्षांच्या मुलाला हा एक इंच जड जातो. तो अर्धा उठून, कोपर टेकवून मारतो, आणि मग 'कोपर आत आलं' यावरून भांडण.

दुकानात बोर्ड तपासायला पाच मिनिटं आणि एक दोरा पुरतो. दोरा समोरासमोरच्या दोन पॉकेटांच्या कडांवर ताणून धरा, एका टोकाला दुकानातल्या मुलाला उभं करा. दोऱ्याखाली मधे फट दिसली तर बोर्डाला खोल पडली आहे, दोरा मधे टेकून वर उचलला जात असेल तर पोट आलं आहे. दोन्ही कर्णांवर करा. मग त्याच दोऱ्याने फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. लांबी सारखी नसेल तर बोर्ड चौरस नाही, शंकरपाळ्यासारखा कललेला आहे. अशा बोर्डावर रिबाउंडचा अंदाज जन्मात येत नाही. ऑनलाइन मागवला असेल तर हे सगळं पुठ्ठा फेकण्याआधी करायचं. वाहतुकीत मार बसतो तो कोपऱ्याच्या सांध्यांना, आणि तिथला तडा पॉलिशखाली सहज लपतो.

त्यानंतर पावडर मागून घ्या, चिमूटभर पसरा आणि बेसलाइनच्या मधून समोरच्या फ्रेमवर सरळ, पूर्ण जोराने स्ट्रायकर मारा. नियमाचं मोजमाप असं की १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरने या कडेपासून त्या कडेपर्यंत किमान साडेतीन फेऱ्या कराव्यात. नवाकोरा बोर्ड लाखेमुळे थोडा चिकट असतो, त्यामुळे तिसऱ्या फेरीत दमला तरी चालेल. दुसऱ्याच फेरीत थांबत असेल तर नको. चारही बाजूंनी मारा. आवाज ऐका. तीन बाजूंना 'टक्' आणि चौथ्या बाजूला 'थप्प' आला, तर तिथे फ्रेम आणि प्लाय यांच्यात फट आहे. पुढे तिथे पावडर साचते आणि फ्रेमला टेकलेली सोंगटी कधीच सपाट बसत नाही.

छपाईवरून नख फिरवा. रेघ नखाला लागली, तर हळू चाललेल्या सोंगटीलाही लागते. बाण पॉकेटच्या मध्याकडे रोखलेले आहेत का, हेही दोऱ्याने कळतं. स्वस्त बोर्डांत छपाई एका बाजूला सरकलेली सर्रास सापडते. खेळाला फारसा फरक पडत नाही, पण ज्याने छपाईत हयगय केली त्याने आत काय केलं असेल, ही शंका रास्त आहे.

पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटीमीटर आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३. म्हणजे स्ट्रायकर पडतो तो जेमतेम तीन मिलीमीटरच्या मोकळिकीतून. लहान बोर्डांची पॉकेटं कधी कधी याहून बारीक असतात. त्यावर चांगला स्ट्रायकर नेला तर तो पॉकेटच्या तोंडावर अडकून बसतो. 'आत गेला की नाही गेला' हा वाद कोणत्याही नियमपुस्तकाने मिटत नाही. बोर्ड बघायला जाताना घरचा स्ट्रायकर खिशात टाका आणि चारही पॉकेटांतून एकदा सोडून बघा.

या बोर्डांबरोबर फुकट मिळणाऱ्या सोंगट्या आणि स्ट्रायकर हीच यांची सगळ्यात कच्ची बाजू. बोर्डाला पाच पैकी चार द्यायला हरकत नाही, डब्यातल्या मालाला दोनही जास्त. सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर व्यासाची, ७ ते ९ मिमी जाड आणि ५ ते साडेपाच ग्रॅमची असावी. एकेक तोलायला सोनाराचा काटा लागेल, पण घरचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो : एकोणीसच्या एकोणीस एकदम ठेवा. वजन ९५ ते १०४ ग्रॅममध्ये आलं पाहिजे. फुकटच्या संचात ते बहुधा कमीच भरतं, आणि हलकी सोंगटी जोराच्या फटक्याला पॉकेटवरून उडून बाहेर जाते. दुसरी चाचणी काट्याशिवायची. नऊ पांढऱ्या एकावर एक रचा, शेजारी नऊ काळ्या. दोन्ही मनोरे सारख्या उंचीचे हवेत. काळ्या रंगाचा थर जाड असला की काळा मनोरा उंच भरतो. अशा संचात काळ्या सोंगट्या थोड्या आळशी चालतात आणि काळं खेळणाऱ्याची तक्रार खरी असते.

लाकडी की प्लास्टिकच्या? घरात लाकडीच. आवाज गोड, कडा गोलसर आणि घसरण एकसारखी. फक्त दमट हवेत त्या फुगतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. कोकणात किंवा समुद्रालगत राहत असाल तर पावसाचे चार महिने प्लास्टिकचा संच हाताशी असू द्या.

स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नको आणि धातूचा तर अजिबात नको. नियमात बसत नाही, शिवाय लाकडी सोंगट्यांच्या कडा उडवतो. मोठ्यांसाठी पंधराच्या जवळचा, मुलांसाठी दोन-तीन ग्रॅम हलका वेगळा घ्या. मुलांची बोटं दुखायचं कारण बहुतेक वेळा जड स्ट्रायकर हेच असतं. स्ट्रायकर काचेवर ठेवून टिचकी मारा. डुगडुगला तर तळ सपाट नाही.

मांडणीत घरोघरी एकच चूक दिसते : प्लास्टिकचं स्टूल मधे आणि त्यावर बोर्ड. कोपऱ्यावर हात टेकला की समोरचा कोपरा उचलतो. घडीचा लाकडी किंवा लोखंडी स्टँड घ्यावा, उंची ६३ ते ७० सेंटीमीटर, म्हणजे साध्या खुर्चीवर बसून कोपर फ्रेमच्या वर राहतं. जमिनीवर मांडी घालून खेळायचं असेल तर चारही कोपऱ्यांखाली सारख्या उंचीचे पाट ठेवा, नाहीतर पॉकेटांखालच्या जाळ्या जमिनीला टेकतात आणि दोन सोंगट्या गेल्या की पॉकेट भरतं. गादीवर कॅरम खेळू नये, त्यापेक्षा पत्ते काढावेत. पातळी बघायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप चालतं. कमी पडेल तिथे पायाखाली पोस्टकार्डाची घडी.

दिवा बरोबर मधोमध, डोक्याच्या वर, शेड लावून. जुन्या खोल्यांत साठ-शंभर वॅटचा बल्ब लोंबायचा, आता नऊ-दहा वॅटचा एलईडी तेच काम करतो. भिंतीवरच्या ट्यूबलाइटने प्रत्येक सोंगटीला एका बाजूला सावली पडते आणि बारीक कट हमखास चुकतो.

राहिली पावडर. बोरिक पावडरच वापरायची. टाल्कम पावडर घसरते म्हणून टाकतात, पण ती आठवड्यात बोर्डाला चिकटून बसते. मैदा किंवा तांदळाचं पीठ टाकणाऱ्या घरात बोर्डाला मुंग्या लागतात. पूर्ण बोर्डाला पाव चमचा पुरते. जुन्या मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून ती बोर्डावर थोपटली की समान पडते. सोंगटीच्या पुढे पांढरा ढिगारा सरकताना दिसला तर पावडर जास्त झाली, फडक्याने काढून टाका. पावसाळ्यात तिला ओल लागून गुठळ्या होतात. ऊन पडेल तेव्हा ताटात पसरून वाळवा आणि चाळून घ्या. डब्यावर नाव लिहून ठेवा आणि तो स्वयंपाकघरात नको. झुरळांच्या गोळ्यांत घालतात तीच ही पावडर, आणि डब्यात ती हुबेहूब मैद्यासारखी दिसते. रांगतं मूल घरात असेल तर खेळ संपल्यावर खालची फरशीही पुसायची.

नव्या बोर्डाचा चिकटपणा पॉलिश पेपरने घालवायला जाऊ नका, छपाई जाते आणि पृष्ठभागाला ओरखडे राहतात. पहिले आठ-दहा दिवस रोज कोरड्या सुती फडक्याने पावडर गोल गोल घासा, लाख आपोआप गुळगुळीत होते. ओलं फडकं कधीच नाही. आणि बशी फ्रेमवर ठेवून चकल्या खात खेळायचं नाही. तेलाचा हात लागलेल्या स्ट्रायकरने बोर्डावर जी वाट उमटते, ती त्या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत दिसत राहते.

ठेवताना बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत त्याला बाक येतो. पूर्ण उभा, आतल्या कोरड्या भिंतीशी, खाली दोन लाकडी ठोकळे देऊन ठेवा. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. पोट सुटलेला बोर्ड वजन ठेवून सरळ होतो असं सांगतात; दोन दिवस होतो, मग परत येतो. मागच्या पट्ट्या सुताराकडून नव्याने स्क्रूने कसून घेणं हाच काय तो उपाय, आणि तोही पोट थोडं असेल तरच.

जाळ्या सर्वात आधी फाटतात. त्या सुट्या मिळतात, खाली चार-चार बारीक चुका, म्हणजे खिळे, असतात. बोर्ड घेतानाच जाळ्यांचा एक जादा संच मागून घ्या, घासाघीस करून फुकट मिळण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.