लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये: दीड वर्षात आमच्या घरात काय बदललं

जुलै 2024 मध्ये अंगणवाडीताईंनी माझा अर्ज भरून घेतला आणि ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या तोंडावर, पहिले दोन हप्ते मिळून 3000 रुपये खात्यावर आले. तेव्हापासून मागेपुढे होत का होईना, पैसे येतायत. या योजनेवर निवडणुकीत खूप बोललं गेलं, पेपरात तिजोरीच्या हिशोबाने लिहून आलं. पण पैसे घरात आल्यावर त्यांचं काय होतं हे ज्यांच्या घरात ते येतात त्यांनीच सांगायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही बीड जिल्ह्यातले. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन आणि तूर. घरात मी, आमचे हे, एक मुलगी, एक मुलगा आणि सासूबाई. दिवाळीच्या आगेमागे आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, राबायचं. आमच्या घरात पैसा कधी आलाच नाही असं नाही. उचल आली की एकदम मोठी रक्कम दिसायची, सोयाबीन विकलं की पुन्हा थोडी. पण ती येण्याआधीच वाटली गेलेली असायची. दुकानाची उधारी, बी-खताचं देणं, बचत गटाचा हप्ता, दवाखाना. उरलेले महिने उसनवारीवर. शंभर रुपयेसुद्धा कुणाकडे मागायचे, कालच्याच माणसाकडे पुन्हा कसं जायचं, याचा विचार सकाळपासून डोक्यात.

पहिला फरक किराणा दुकानात पडला. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्यामुळे पोटाला गहू-तांदूळ आहे. अडायचं ते तेल, डाळ, साखर, चहापत्ती आणि साबणावर. हे उधार आणायचं म्हणजे दुकानदार देईल तो माल आणि लावील तो भाव. वहीत काय लिहिलं ते विचारायचीही चोरी. आता महिन्याचं तेल आणि डाळ मी रोखीने आणते. रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगतात आणि पटला नाही तर ते दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. त्याच सामानाला आता पहिल्यापेक्षा कमी पैसे लागतात. जुनी उधारीही हळूहळू फिटली, अजून थोडी आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ह्यांच्या खात्यावर पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरीचे 6000 येतात, चार-चार महिन्यांनी दोन-दोन हजार. तेही सरकारचेच, थेट खात्यावर येणारे पैसे. पण ते खताच्या गोणीत नाहीतर फवारणीच्या औषधात जातात. यात ह्यांचा दोष नाही, रानाला ते लागतंच. फक्त त्यातून लेकीच्या पायाला चप्पल किंवा सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कधी निघाल्या नाहीत. माझ्या खात्यावरचे पैसे पहिल्यांदा तिकडेच गेले. सासूबाईंच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण कधीकधी तिथल्या संपलेल्या असतात. आधी अशा वेळी त्या गोळी दिवसाआड घ्यायच्या आणि आम्हाला सांगायच्याही नाहीत. आता बाहेरून आणतो.

दवाखान्याचं आणखी सांगायचंय, कारण आमच्या जिल्ह्यात बायकांच्या दुखण्याचा इतिहास वाईट आहे. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीडची जी पाहणी आली, त्यात ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेक जणी तरण्याताठ्या होत्या. बाहेरच्या लोकांना हे वाचून धक्का बसला. आम्हाला ते कसं घडतं ते माहीत होतं. फडावर पाळी असो, पोटात कळा असोत, खाडा केला की पैसे कापले जातात. म्हणून दुखणं अंगावर काढायचं. गावाकडे परतल्यावर ते इतकं वाढलेलं असतं की डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाका. पैसे मुकादमाकडून आणखी उचल घेऊन. म्हणजे पुढचा हंगामही गहाण.

मला गेल्या उन्हाळ्यात ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा मी थांबले नाही. तालुक्याला जाऊन बाईडॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी केली. जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांवर बरं वाटलं. तपासणीला एका हप्त्यापेक्षा थोडे जास्त गेले. त्यासाठी मी कुणाला विचारलं नाही, कुणाकडे मागितले नाहीत. घरात सांगितलं ते फक्त ‘दवाखान्यात जाऊन येते’ एवढंच. आमच्या गल्लीत आता दोघी-तिघी अशा वेळेवर जाऊन आल्यात. या योजनेचा सगळ्यात मोठा फायदा कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन, आणि तो कुठल्या जाहिरातीत मला दिसला नाही.

लेकरांच्या शाळेचंही यातच आलं. आधी आम्ही फडावर जाताना दोघांनाही बरोबर न्यायचो. सासूबाईंच्या भरवशावर ठेवावं तर मागे घर चालायला पैसे नकोत का? त्यामुळे शाळा दिवाळीला सुटायची ती उन्हाळ्यापर्यंत. मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करायची, धाकट्याला सांभाळायची. 2024 च्या हंगामात पहिल्यांदा दोघांना गावी ठेवलं. सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे 1500 मिळतात, त्यात माझे 1500. तीन हजारांत एक म्हातारी आणि दोन लेकरं, रेशन धरून, भागतं. चैन नाही, पण भागतं. मी फडावरून गावातल्या दुकानदाराला फोनपेवर पैसे टाकायची आणि सासूबाई सामान घेऊन जायच्या. मुलीची त्या वर्षी एकही परीक्षा बुडाली नाही. मुलं फडावर आली नाहीत तर आमचंही तोडणीचं काम जास्त उरकतं, हे ह्यांच्या ध्यानात आलं तेव्हापासून त्यांनी मुलांना बरोबर न्यायचा विषय काढलेला नाही.

काही हप्ते साठवून मी एक शेळी घेतली. तिला पिल्लं झाली, एक बोकड विकला. यावर फार लिहीत नाही, कारण शेळी हे सगळेच सांगतात आणि ज्यांची मरते त्यांचं कुणी सांगत नाही.

आता 1500 रुपयांत काय होत नाही, तेही लिहिते. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. शेंगा जागेवर कुजल्या. त्या दिवसांत घरात रोख होती ती माझ्या खात्यातलीच, तिच्यावर मेणबत्त्या, रॉकेल आणि भाजीपाला आला. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, पण ती हातात यायला वेळ लागतो आणि चूल तर रोज पेटवावी लागते. तेवढ्यापुरते हे पैसे देवासारखे धावून आले. पण गेलेल्या पिकाची भरपाई 1500 रुपयांनी होत नाही. बियाणं, खत, मळणीचं कर्ज तसंच अंगावर राहिलं आणि यंदा आम्हाला गेल्या वर्षीपेक्षा जास्त उचल घ्यावी लागली. महिन्याला ठरावीक थोडे पैसे मिळाले म्हणून ऊसतोड सुटते असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सिंचन नाही, पिकाला भाव नाही, गावात हंगामभर काम नाही, तोवर कोयता सुटणार नाही.

गावातले मोठे शेतकरी म्हणतात, या पैशांमुळे बायका कामाला येईनाशा झाल्या. 1500 म्हणजे दिवसाचे 50 रुपये. आमच्याकडे खुरपणीची हजेरी 300 आहे. पाच दिवसांच्या हजेरीसाठी कुठली बाई महिनाभर घरी बसेल? झालंय ते एवढंच की अंगात ताप असताना ती ‘आज येत नाही’ म्हणू शकते, आणि चार जणी मिळून हजेरी वाढवा असं म्हणू शकतात. पूर्वी म्हणता यायचं नाही, कारण त्यांच्याकडूनच उसने घेतलेले असायचे.

दुसरा आक्षेप दारूचा. काही घरांत नवरा पैसे हिसकावून घेतो, हे मी डोळ्याने पाहिलंय. पण अशा घरात हजेरीचे पैसेही तसेच जात होते. इंदूरजवळच्या काही गावांत 2011-12 मध्ये कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने दीडेक वर्ष प्रत्येक माणसाला दरमहा विनाअट पैसे देऊन पाहिले होते. सुरुवातीला मोठ्या माणसाला 200 आणि लेकरामागे 100, पुढे 300 आणि 150. तिथे पैसे दिले म्हणून दारू वाढल्याचं आढळलं नाही, खाणं सुधारलं, मुलांची शाळेतली हजेरी वाढली. गरिबाच्या हातात पैसा दिला की तो उडवतो, हे म्हणणाऱ्यांनी निदान ते वाचावं.

माझी खरी तक्रार तारखेची आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2024 चे हप्ते निवडणुकीआधी ऑक्टोबरमध्येच एकत्र आले. फेब्रुवारी आणि मार्च 2025 चे मार्चमध्ये एकत्र आले. नंतर एका महिन्याचे पैसे दुसऱ्या महिन्यात यायला लागले. दोन हप्ते एकत्र आले की लोकांना वाटतं बायका खूश झाल्या. पण ज्या महिन्यात काहीच आलं नाही त्या महिन्यात पुन्हा उधारी झालेली असते. निवडणुकीत 2100 रुपये देऊ असं सांगितलं होतं. माझ्या खात्यावर अजून 1500च येतात. कुणी मला विचारलं की 2100 हवेत की दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता 1500, तर मी पाच तारीख मागेन. तारीख पक्की असेल तर दुकानदार ऐकतो, गोळ्या दिवसाआड घ्याव्या लागत नाहीत, आणि फडावर बसून मला घराची काळजी लागत नाही. गल्लीतल्या बायकांनी आम्ही 500 रुपयांची भिशी सुरू केली होती. ती दोनदा मोडायला आली, दोन्ही वेळा हप्ता लांबल्यामुळेच. आता आम्ही तारीखच धरत नाही, हप्ता जमा झाला की तिसऱ्या दिवशी भिशी, असं ठरवलंय.

नव्याने अडचणीत आलेल्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतातच असं नाही, ज्या खात्याला आधारचं सीडिंग (जोडणी) आहे तिथे येतात. गावातल्या एकीचे पैसे कित्येक महिने जुन्या जनधन खात्यावर जमा होत होते आणि ती नव्या बँकेत हेलपाटे घालत होती. दुसरं, एटीएम कार्ड काढून घ्या. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रात आमच्यासारख्यांच्या बोटांचे ठसे कोयत्याने झिजलेले असतात, ते उमटत नाहीत. माझ्या बँकेने पहिल्या हप्त्यातून जुने कसलेसे चार्ज कापून घेतले, ते मागून परत मिळाले नाहीत, तेव्हा पासबुक भरून घेत जा.

अपात्र लोक काढायलाच हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. जुलै 2025 मध्ये मंत्र्यांनीच सांगितलं की 26 लाखांवर लाभार्थ्यांचे पैसे थांबवलेत, आणि 14 हजारांवर पुरुषांनीही हे पैसे घेतल्याचं बाहेर आलं. राग येतोच. पण त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर 2025 पासून जी ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) लावली, तिच्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला. आमच्याकडे तेव्हा पुराचं पाणी होतं, लाईट नव्हती, साइट उघडत नव्हती. मुदत वाढत वाढत 31 डिसेंबरपर्यंत गेली म्हणून माझं काम झालं.

आमच्या गल्लीतल्या एका विधवेचं नाही झालं. नवरा गेला, वडील त्याआधीच गेले. ओटीपी कुणाचा देणार? नंतर मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्यायची सोय केली, तिने दिलाही. त्यानंतरचा हप्ता तिला आलेला नाही, आणि विचारायला गेलं की वरून होईल एवढंच सांगतात. जिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही तिचेच पैसे आधी थांबावेत, हे मला मान्य नाही. यावेळच्या भिशीचा नंबर माझा होता, तो आम्ही सगळ्यांनी मिळून तिला दिला. तिच्या वाटणीचे 500 तिचा हप्ता सुरू होईपर्यंत बाकीच्या भरणार आहोत.