ट्रान्सपोज, ट्युनिंग की टच: कीबोर्डवर आधी कशाला हात लावायचा?

भजनाला पेटीशेजारी कीबोर्ड ठेवला की पहिल्याच अभंगात कळतं, दोघांचे सूर भांडताहेत. मग घाईघाईनं ट्रान्सपोज दाबला जातो आणि ऐकवत नाही इतकं बेसूर होतं. म्हणून आधी ट्रान्सपोज आणि ट्युनिंग हे दोन वेगळे करू.

ट्रान्सपोज अर्ध्या अर्ध्या सुरानं सरकतो. गायिकेचा सा काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी), तुमचा हात पांढरी एकवर बसलेला. ट्रान्सपोज उणे ४ केला, काम झालं. ट्युनिंग मात्र दोन पट्ट्यांच्या मधली जागा शोधतं. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. कीबोर्डची पांढरी सहा कारखान्यातून ४४० हर्ट्झला लावलेली येते आणि तिथं १ हर्ट्झ म्हणजे साधारण ४ सेंट. पेटी ४४६ ला असेल तर फरक २३-२४ सेंटचा. तो खटकतोच, पण ट्रान्सपोजनं एक पायरी चढलात तर ७६ सेंट पुढे जाल.

पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या ऐनवेळी कोणी घासत बसत नाही, तेव्हा सरकायचं कीबोर्डनंच. कीबोर्डवर ऑर्गनचा सरळ, न थरथरणारा आवाज लावा; पियानो नको, तो विरत जातो. दोन्ही वाद्यांवर एकाच सप्तकातली पांढरी सहा एकत्र धरा. सूर जुळत नसेल तर आवाजात लाटा ऐकू येतात, ६ हर्ट्झच्या फरकाला सेकंदाला ६. ट्युनिंग थोडं वाढवा. लाटा घाईच्या झाल्या तर उलट दिशेनं जा. त्या मंदावून थांबल्या की सूर मिळाला. हा क्षण मला अजूनही फार आवडतो.

यामाहाच्या पीएसआर-ई३७३ वर ट्युनिंग ४२७ ते ४५३ हर्ट्झ आहे, ०.२ च्या टप्प्यांनी. कॅसिओच्या सीटी-एस२०० वर ४१५.५ ते ४६५.९. कॅसिओचा पल्ला मोठा दिसतो, पण यामाहाचाही वर-खाली अर्ध्या सुराच्या निम्म्याइतका आहे. जोडीला ट्रान्सपोज असला की मधली जागा कुठंच सुटत नाही. यावरून मॉडेल ठरवू नका. एक मर्यादा मात्र दोन्हीकडे आहे: बाराही सूर एकत्र सरकतात, त्यामुळे तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा कीबोर्डचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढाच राहतो. तो उतरवायचा तर एकेक सूर वेगळा लावता येईल असं, स्केल ट्युनिंगचं वरचं मॉडेल लागतं.

मॉडेल ठरवावं ते टचवरून, म्हणजे बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होतो का त्यावरून. सीटी-एस२०० आणि पीएसआर-ई२७३ वर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. ही सोय नंतर बसवता येत नाही. मुलाला पियानो शिकवायचा असेल तर थोडे पैसे साठवा, पण टच असलेलाच घ्या.

ई३७३ वर सॉफ्ट, मीडियम, हार्ड आणि फिक्स्ड असे चार पर्याय मिळतात. नावांनी फसगत होते. सॉफ्ट म्हणजे आवाज मऊ नव्हे. हलक्या बोटालाही मोठा आवाज मिळतो. हार्डला तोच आवाज काढायला जोर लागतो. पेटी वाजवणाऱ्यांची बोटं हलकी असतात, कारण त्यांचा जोर भात्यात असतो. मीडियमवर त्यांना पियानो दबलेला वाटतो, त्यांनी सॉफ्ट घ्यावा. पेटी किंवा ऑर्गनचा आवाज लावला की सरळ फिक्स्ड करा, नाहीतर एखादा सूर मध्येच बुडतो. भात्याचं काम व्हॉल्यूमला द्या. पियानो शिकणाऱ्यानं मात्र मीडियम लावून तो महिनोन्‌महिने बदलू नये. बोटांना वजन कळायला तेवढा वेळ लागतोच. हार्ड जड हाताच्या वादकासाठी ठीक; लहान मुलांना तो देऊ नका, ती पट्ट्या आपटायला शिकतात.

सगळं लावून झालं की कीबोर्ड एकदा बंद करून चालू करा आणि काय टिकलं, काय पुसलं गेलं ते पाहा. जे पुसलं गेलं त्याचे आकडे वहीत लिहून ठेवा.