ट्रॅमाडॉल की प्रीगॅबालिन: कुणाचा त्रास कसा?

ट्रॅमाडॉल ही अफूच्या गटातली वेदनाशामक गोळी. तिची मळमळ आणि गरगरणं लगेच जाणवतं, पण बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत पिच्छा सोडत नाही. रेचकाचं डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारावं. खरी भीती फिट्सच्या (आकडीच्या) झटक्यांची. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं, किंवा सोबत सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी असली, की ती वाढते.

प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरचं औषध, पोटाला त्यामानाने सौम्य. त्याऐवजी गुंगी, धूसर दिसणं, पायांना सूज आणि नकळत चढणारं वजन. औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ती कमकुवत असतील तर डोस कमी करावाच लागतो. नसांच्या दुखण्याला आधी हेच बरं. नुसत्या पाठदुखीला फारसा उपयोग नाही.

दोन्ही एकत्र, त्यात दारू, म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. आणि दोन्हींपैकी कुठलंही एकदम बंद करू नये, डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवावा.