वर्डप्रेस की ह्यूगो: साइट आठ महिने विसरलात तर?

उबुंटू २०.०४ या सर्व्हरवरच्या लिनक्स प्रणालीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. माझी वर्डप्रेसची साइट त्याच आवृत्तीवर होती. सोबत पीएचपी ७.४ (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती), म्हणजे मूळ प्रकल्पानं नोव्हेंबर २०२२ मध्येच वाऱ्यावर सोडलेलं. उबुंटूवालेच काय ते ठिगळं लावत होते. सर्व्हर बदलणं भागच होतं, आणि घर बदलायचंच आहे तर रंगही नवा द्यावा, या नादात रीडिझाइन निघालं.

मजकूर २००९ पासूनचा, तीनशेच्या वर लेख, बहुतेक किल्ल्यांच्या भटकंतीचे. तोच मजकूर मी महिनाभर दोन सबडोमेनवर (एकाच डोमेनच्या पोटपत्त्यांवर) शेजारी शेजारी चालवून पाहिला. एकीकडे कोरं वर्डप्रेस, दुसरीकडे ह्यूगो. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) एकच, १ जीबी रॅमचा, महिना पाच-सहा डॉलरवाला.

ज्यांना फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्डप्रेस (२००३ पासून आहे) वाचक आला की डेटाबेसमधून मजकूर काढून पान तिथल्या तिथे रांधतं. ह्यूगो (२०१३, गो भाषेत लिहिलेलं) सगळी पानं तुमच्या लॅपटॉपवर आधीच तयार करून ठेवतं. सर्व्हरचं काम फक्त वाढण्याचं.

यावरूनच देखभालीचा सगळा हिशेब ठरतो. वर्डप्रेस म्हणजे दूध, रोज तापवावं लागतं. ह्यूगोनं बनवलेली साइट म्हणजे बरणीतलं लोणचं. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, आपोआप होतात आणि २०२० च्या ५.५ पासून प्लगिनचेही (जास्तीच्या सोयी देणाऱ्या जोडण्यांचेही) आपोआप करता येतात, हे खरं. पण जो प्लगिन त्याच्या लेखकानंच सोडून दिलाय, त्याला अपडेट येणार कुठून? माझ्याकडे फोटो-गॅलरीचा असाच एक अनाथ प्लगिन होता. कामाच्या गडबडीत आठ महिने साइटकडे पाहिलं नाही, आणि एका वाचकानं कळवलं की गूगलवर तुमच्या साइटच्या नावाखाली जपानी भाषेत बॅगा आणि घड्याळं विकायला आहेत. घुसखोरानं शेकडो पानं टाकली होती, आणि ती फक्त गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) दिसत होती. मी उघडली की साइट नेहमीसारखीच. निस्तरायला दोन शनिवार-रविवार गेले.

ह्यूगोच्या बाजूला सर्व्हरवर पीएचपी नाही, डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही. लॉगमध्ये बॉट वर्डप्रेसचा लॉगिन पत्ता ठोठावताना दिसतात. त्यांना ४०४ (‘पान सापडलं नाही’) मिळतो आणि ते निघून जातात. मग काहीच करावं लागत नाही का? लागतं. उबुंटूचे अपडेट, एन्जिनएक्स (पानं वाढणारा वेब सर्व्हर), सर्टिफिकेट (https साठीचं) हे दोन्हीकडे सारखंच आहे. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत, तेव्हा सर्टबॉट या प्रोग्रामचं आपोआप नूतनीकरण खरंच चालू आहे ना, हे एकदा स्वतः पाहून घ्या.

रॅमचं सांगायचं तर १ जीबीत वर्डप्रेस आणि त्याचा डेटाबेस मारियाडीबी एकत्र नांदतात, पण कुरकुरत. पावसाळ्यात एखादा लेख व्हॉट्सॲपवर फिरला की लिनक्स मेमरी सोडवण्यासाठी थेट डेटाबेसचाच बळी देतो. कॅशिंगचा प्लगिन टाकला की हे थांबतं. पण कॅशिंग म्हणजे तरी काय, आधी बनवून ठेवलेली पानं वाढणं. म्हणजे वळसा घालून ह्यूगोच.

आता खास आपल्या लिपीची गोष्ट, जी मला इंग्रजीतल्या कुठल्याच तुलनेत सापडली नाही. वर्डप्रेस लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार तिथे नऊ जागा खातो, आणि मर्यादा आहे दोनशेची. ‘सिंहगडावरची पावसाळी भटकंती’ यात अशी चोवीस चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा आहेत, एकूण २१८. त्यामुळे माझा पत्ता ‘सिंहगडावरची-पावसाळी-भटकं’ इथेच तुटला होता. इतकी वर्षं लक्षातही आलं नाही. ह्यूगो फाइलच्या नावावरून पत्ता बनवतं, आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरी चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे ऐंशीपर्यंत सहज निभावतं. छान वाटलं, ‘भटकंती’ पूर्ण झाली. आणि तिथेच फसलो, कारण लोकांनी जतन केलेले दुवे ‘भटकं’वालेच आहेत. प्रत्येक तुटक्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ (‘पान कायमचं तिकडे हललं’ असं सर्व्हरचं उत्तर) लावावं लागलं. ह्यूगोची स्वतःची एलियासची सोय आहे, पण ती खरा ३०१ देत नाही. एक छोटं पान बनवते आणि ते ब्राउझरला पुढे ढकलतं. मी ते एन्जिनएक्सच्या मॅपमध्ये (जुना पत्ता-नवा पत्ता अशा यादीत) केलं. तिथे एक काळजी घ्या. वर्डप्रेस टक्केचिन्हांमागची रोमन अक्षरं लहान लिपीत ठेवतं, ब्राउझर बहुधा मोठ्या. म्हणून कच्चा पत्ता जुळवू नका; एन्जिनएक्सनं उलगडलेला, सरळ देवनागरीतला पत्ता जुळवा. अर्धी संध्याकाळ वाचेल.

वर्डप्रेसवरच राहणाऱ्याला यातलं काहीही करावं लागत नाही. पत्ते आहेत तसेच राहतात, फीडही (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये पोचवणारी यादी). ह्यूगोवर गेलात की फीडमधल्या ओळखखुणा बदलतात आणि फीडरीडरवाल्या वाचकांना जुने लेख नवे म्हणून एकदम येऊन पडतात. मला तीन जणांनी विचारलं, तुम्ही एका रात्रीत इतकं लिहिलंत कसं.

स्थलांतर करताना डेटाबेसच्या डंपचा (उतरवलेल्या प्रतीचा) कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, तपासा, नाहीतर ‘अ’च्या जागी डोक्यावर तिरक्या रेघा असलेली युरोपीय अक्षरं उगवतात. आणि ‘ऱ्य’ पाहा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक ऱ वापरून, एक साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखेच, शोधाला वेगळे. माझ्याकडे २०१२ च्या आधीचे लेख दुसऱ्या तऱ्हेचे निघाले. ह्यूगोत सगळा मजकूर साध्या फाइलींत असल्यानं एका आज्ञेत सगळीकडे बदलून टाकला. वर्डप्रेसमध्ये हेच थेट डेटाबेसवर करायचं तर हात थरथरतो.

रीडिझाइनसाठी मात्र दोघांमध्ये डावं-उजवं करण्यासारखं फार नाही, कारण दोन्हीकडच्या तयार थीम इंग्रजी डोळ्यांनी बनवलेल्या. शीर्षकांची अक्षरं ऐसपैस पसरवायची फॅशन आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, १.७ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पानाची भाषा ‘एमआर’ आहे हे नमूद करा, म्हणजे ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तो ते दाखवेल. मी मजकुराला ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता फाँट ठेवला आणि फाँटच्या फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवल्या. हे बदल वर्डप्रेसमध्ये चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसवलेली आपली उपथीम) करून होतात, ह्यूगोत थीमच्या साच्यावर आपला साचा ठेवून. ह्यूगोचे साचे पहिल्यांदा वाचताना मोडी वाचल्यासारखं वाटतं, एवढं सांगून ठेवतो.

लिहिण्याच्या बाबतीत वर्डप्रेस सरळ पुढे आहे आणि यात मला शंका नाही. किल्ल्यावरून उतरून एसटीत बसल्या बसल्या फोनवर लेख टाकायचा, चार फोटो चिकटवायचे, झालं. ॲडमिनचा भाग मराठीत आहे. २०१८ मध्ये आलेल्या ब्लॉक एडिटरला मीही नाकं मुरडली होती, पण नवख्याला तो जमतो. ह्यूगोत लेख म्हणजे मार्कडाउनची (साध्या खुणांनी मजकूर लिहायच्या पद्धतीची) फाइल. मग बिल्ड (पानं तयार करणं), मग आरसिंक (ती सर्व्हरवर पाठवणं). लॅपटॉपवर ही मिनिटाभराची गोष्ट आहे, फोनवर जवळपास अशक्य. माझं लिखाण निम्म्यावर आलं, हे कबूल करायला हवं.

साइटवरचा शोध दोन्हीकडे बेतासबात. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरशः अक्षरं जुळवतो, त्यामुळे ‘पुणे’ शोधल्यावर ‘पुण्यात’ सापडत नाही. ह्यूगोत मुळात शोधच नाही, बाहेरून जोडावा लागतो. मी जोडला नाही.

ह्यूगोच्या बरणीलाही बुरशी लागते, फक्त वेगळ्या जागी. नव्या आवृत्तीवर जुनी थीम अडते. म्हणून ज्या आवृत्तीवर साइट नीट बनली, ती ह्यूगोची एकुलती एक फाइल मी लेखांच्या फोल्डरशेजारीच ठेवून दिली आहे. लॅपटॉप मेला तरी सर्व्हरवरची तयार पानं चालत राहतात आणि गिटमधून (फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती जपणाऱ्या प्रणालीतून) बाकीचं परत आणता येतं.

घरच्या रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर साइट चालवू का, असं दोघांनी विचारलं. बरेच इंटरनेटवाले एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरापर्यंत पोचताच येत नाही. स्थिर आयपीचे पैसे वेगळे. त्यात वीज गेली की साइट गेली. प्रयोग म्हणून करा, एकमेव प्रत म्हणून नको.

मी ह्यूगो घेतलं, कारण मी विसरभोळा आहे आणि एकटाच लिहितो. आमच्या ट्रेकिंगच्या गटाची साइट मात्र मीच वर्डप्रेसवर ठेवली. तिथे पाच जण लिहितात, त्यांतल्या दोघांना मार्कडाउन म्हटलं की कपाळावर आठ्या येतात, आणि दर रविवारी अपडेट पाहण्याची पाळी लावलेली आहे. प्लगिन फक्त चार.

एका मित्राला मी दोन्हींना नाही म्हणायला सांगितलं. त्याच्या वडिलांची वर्डप्रेसवरची साइट होती. ते गेले, आता नवं काही लिहिलं जाणार नव्हतं. आम्ही डब्ल्यूगेट या प्रोग्रामनं अख्खी साइट पानापानानं उतरवून घेतली, शोधाची चौकट आणि प्रतिक्रियेचा फॉर्म काढून टाकला आणि तेच गोठवलेलं एचटीएमएल जुन्याच पत्त्यांवर ठेवलं. डेटाबेसची एक प्रत त्याच्याकडे पेनड्राइव्हवर आहे. डोमेन त्यानं एकदम दहा वर्षांसाठी भरलं.